निरोपाचा भाग: सूत्रसंचालकच गूढ पाहुणा
दूरचित्रवाणीवरील अनेक प्रश्नमंजूषा निरोप न घेताच बंद पडतात, कारण भाग आगाऊ चित्रित झालेले असतात आणि कार्यक्रम गुंडाळण्याचा निर्णय वाहिनी मागाहून घेते. अमेरिकेतील सीबीएस वाहिनीवर १९५० पासून चाललेल्या, चौघांच्या मंडळाने हो-नाही उत्तरांचे प्रश्न विचारून पाहुण्याचा व्यवसाय ओळखण्याच्या ‘व्हॉट्स माय लाइन?’ला मात्र ३ सप्टेंबर १९६७ रोजी रीतसर निरोप लाभला. डोळ्यांवर पट्ट्या बांधलेल्या मंडळासमोर शेवटचा ‘गूढ पाहुणा’, म्हणजे चेहरा लपवावा लागेल इतका प्रसिद्ध पाहुणा, म्हणून खुद्द सूत्रसंचालक जॉन चार्ल्स डेली बसले. बीबीसीच्या ‘मास्टरमाइंड’ या प्रश्नमंजूषेनेही १९९७ साली ऑर्कनीतील सेंट मॅग्नस कॅथीड्रलमध्ये समारोप करून सूत्रसंचालक मॅग्नस मॅग्नसन यांना स्पर्धकांची काळी खुर्चीच देऊन टाकली (२००३ मध्ये कार्यक्रम बीबीसीच्या पडद्यावर परतला, हा भाग वेगळा).