सायकलचा मीटर भिजला? आधी सेल काढा, बाकीचं नंतर

पावसाळ्यात हिंजवडीला जाणाऱ्यांना रस्त्याची कहाणी वेगळी सांगायला नको. एक जोरदार सर आली की रस्त्याच्या कडेने ओढा वाहू लागतो. २०२५ च्या जूनमध्ये तर आयटी पार्कचे रस्ते पाण्याखाली गेल्याचे व्हिडिओ देशभर फिरले. या पाण्यातून ये-जा करणारे आपल्याच घरातले असतात. कुणाचे अब्बू कंपनीच्या शिफ्टला जातात, कुणाचा भाऊ घरोघरी जेवण पोहोचवतो, तर कुणाची मुलगी सायकलने क्लासला जाते. रेनकोट आपण माणसासाठी घेतो. हँडलवरचा मीटर मात्र उघडाच राहतो.

हा मीटर म्हणजे सायकल कॉम्प्युटर. वेग, अंतर आणि वेळ दाखवणारी ही छोटी डबी भिजून बंद पडली की आपण लगेच म्हणतो, ‘गेला, आता नवीन घ्या.’ खरं तर बऱ्याचदा तो पाण्यामुळे गेलेला नसतो. भिजल्यानंतर आपण जे करतो, त्यामुळे जातो. म्हणून आधी थोडं विज्ञान समजून घेऊ.

नुकसान नेमकं कशाने होतं?

शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही. रस्त्यावरच्या पाण्यात मात्र माती, क्षार, तेल आणि गटाराची घाण असते, आणि असं पाणी वीज वाहून नेतं. मीटरमध्ये सेल बसलेला असेल तर पाण्याच्या थेंबातून नको त्या ठिकाणी वीज फिरते. शाळेत शिकलेलं विद्युत अपघटन आठवा. तेच इथे घडतं. तांब्याच्या बारीक रेषा झिजतात आणि त्यांवर हिरवट-पांढरा थर चढतो. मीटरमधला गोल सेल ३ व्होल्टचा असतो आणि या कामाला तेवढा पुरेसा आहे. सेल काढला की ही क्रिया थांबते. थोडंफार गंजणं चालू राहतं, पण त्याचा वेग खूप कमी असतो.

म्हणून ‘चालू होतो का बघू’ म्हणत बटण दाबत बसणं ही सगळ्यात महाग पडणारी सवय आहे.

घरी आल्यावर काय करावं?

१. स्क्रीनवर आकडे दिसत असतील तर एकूण किलोमीटरचा फोटो काढून ठेवा. सेल काढल्यावर साध्या मीटरमधला हा आकडा पुसला जातो.

२. मीटर हँडलवरून काढा, बाहेरून कोरडा पुसा आणि मागचं झाकण नाण्याने फिरवून सेल बाहेर काढा. बहुतेक मीटरमध्ये सीआर २०३२ नावाचा सेल असतो. झाकणाखालची रबरी रिंग हरवू नका.

३. सेलच्या खाचेत गढूळ पाणी गेलं असेल तर इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्यात कापसाची काडी बुडवून पुसून घ्या. हिरवट थर दिसला तर मोबाईल रिपेअरवाले वापरतात ते आयसोप्रोपिल अल्कोहोल काडीला लावा. पत्र्याची पट्टी चकचकीत दिसली की काम झालं.

४. झाकण उघडं ठेवून मीटर पंख्याखाली ठेवा. नंतर बुटांच्या खोक्यात मिळतात त्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात एक-दोन दिवस ठेवा. काचेच्या आत वाफ दिसत असेपर्यंत सेल घालू नका.

५. रबरी रिंगवरची माती पुसा, नवा सेल घाला आणि झाकण नीट बसवा. रिंग चिरलेली असेल तर ती बदलल्याशिवाय पुढच्या पावसात मीटर नेऊ नका.

तांदळाचा डबा नको

भिजलेली वस्तू तांदळात ठेवायचा सल्ला घरोघरी दिला जातो. कोरडा तांदूळ ओलावा फारसा ओढत नाही. उलट त्याची पावडर आणि कणी खाचेत अडकतात. ॲपल कंपनीनेही आपल्या फोनबाबत तांदूळ वापरू नका असं स्पष्ट सांगितलं आहे. हेअर ड्रायर, तवा किंवा कडक ऊन हेही टाळा. उष्णतेने स्क्रीन काळी पडते आणि रबर सैल होतं.

मीटर चालू, पण वेग शून्य

हा प्रकार पावसात नेहमी होतो. साध्या मीटरची रचना सोपी असते. चाकाच्या तारेवर एक चुंबक आणि फोर्कवर एक सेन्सर. चुंबक समोरून गेला की सेन्सरमधला स्विच क्षणभर जुळतो आणि मीटर एक फेरी मोजतो. त्यामुळे वेग दिसत नसेल तर आधी चुंबक सरकला आहे का ते पाहा. मग हँडलवरचा खाचा आणि मीटरच्या मागचे दोन धातूचे ठिपके पुसून घ्या.

वायरवाल्या मीटरची एक सोपी परीक्षा आहे. मीटर खाच्यातून काढा आणि मागचे दोन ठिपके छोट्या वायरच्या तुकड्याने पटापट जोडा-सोडा. स्क्रीनवर वेग दिसला तर मीटर ठीक आहे, दोष वायर किंवा सेन्सरमध्ये आहे. म्हणजे पूर्ण मीटर बदलायची गरज नाही.

सेल बदलल्यावर चाकाचा घेर पुन्हा भरावा लागतो. टायरवर खडूने खूण करा, सायकल सरळ चालवत नेऊन चाकाची एक पूर्ण फेरी होऊ द्या आणि जमिनीवरचं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा. घेर २०५० असताना २१०० भरला तर १० किलोमीटरचे साधारण १०.२४ दिसतील. हे मोजमाप मुलांकडून करून घ्या. गणिताचा एक धडा घरीच होईल.

‘वॉटरप्रूफ’ लिहिलंय म्हणजे काय?

खोक्यावर आयपीएक्स ४ असेल तर चहूबाजूंनी उडणारे पाण्याचे शिंतोडे चालतात. आयपीएक्स ७ म्हणजे १ मीटर खोल पाण्यात ३० मिनिटं. या चाचण्या नव्या वस्तूवर आणि साध्या पाण्यात होतात. साबणाचं पाणी किंवा वॉशिंग सेंटरच्या प्रेशरचा फवारा यांची हमी त्यात नाही. म्हणून सायकल धुताना मीटर काढून ठेवा.

चार्जिंगचा मीटर किंवा डिलिव्हरीसाठी हँडलवर लावलेला मोबाईल यांना आतली बॅटरी असते, ती घरी काढता येत नाही. ते लगेच बंद करा, चार्जिंगचं तोंड खाली करून हलकेच झटका आणि ते पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावू नका. ज्याची रोजची कमाई त्या मोबाईलवर आहे, त्याने एक संध्याकाळ वाचवायला ओल्या पोर्टमध्ये चार्जर घातला तर फोनच जाऊ शकतो. बॅटरी फुगली किंवा गरम झाली तर वस्तू घरात न ठेवता दुकानदाराकडे न्या. मोटारसायकलच्या डिजिटल मीटरमध्ये हलकी वाफ दिसली तर ती बहुधा आपोआप जाते. पाणी साचलेलं दिसलं तर स्वतः खोलू नका. वॉरंटी जाते आणि किलोमीटरच्या नोंदीचाही वाद होतो. असं काम सर्व्हिस सेंटरमध्येच होऊ द्या.

काढलेला सेल कुठे ठेवला?

शेवटी सगळ्यात महत्त्वाचं. काढलेला गोल सेल टीव्हीवर, खिडकीत किंवा दस्तरखानाजवळ ठेवू नका. लहान मूल तो गिळू शकतं. मीटरसाठी ‘संपलेला’ सेलही अन्ननलिकेत अडकला तर अवघ्या दोन तासांत आतून गंभीर भाजू शकतो. तशी नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा. जुन्या सेलला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून मुलांच्या हाती लागणार नाही असा उंचावर ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.

दुरुस्त होऊ शकणारी वस्तू फेकून नवी घेणं ही फिजूलखर्चीच आहे. कापसाची काडी, नवा सेल आणि दोन दिवसांचा सब्र, बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं.