आधी स्क्रू बघा, मग हत्यार घ्या

भांडी आवरून झालीत, पोरं शाळेतून यायला अजून तासभर आहे, अशा वेळी तुम्ही रेडिओ लावलाय असं धरून बोलतो. आजचा विषय ऐकून हसू नका. रिमोटच्या गाड्या, आणि त्या दुरुस्त करायला लागणारी हत्यारं. पोरांच्या खेळण्यात बायकांनी काय लक्ष घालायचं, असं आम्हालाही वाटायचं. पण या खेळण्यानं आमच्या गटाकडून साडेतीन हजार रुपये शिकवणीची फी म्हणून वसूल केले. तेव्हापासून आम्ही हसत नाही.

झालं असं. आमचा बचत गट बारा जणींचा. दोघी-तिघींना शिलाई मशीन खोलून जोडता येत होतं. त्यांच्या भरवशावर आम्ही दुरुस्तीचं टेबल मांडलं. इस्त्री, मिक्सर, टॉर्च यायला लागले आणि जत्रा झाली की रिमोटच्या गाड्या. बॅटरीच्या डब्यातली पत्री गंजलेली, आतली वायर सुटलेली, चाकात केस नि दोरा गुंतलेला. एका गाडीमागे तीस-चाळीस रुपये सुटायचे. मग हत्यारं हवीत म्हणून आम्ही एकदम शंभर नगांची पेटी आणली. चौदाशे रुपये मोजले. आत मखमल, प्रत्येक नगाला वेगळी खाच. पेटी उघडली की बघत राहावं अशी. महिनाभरात त्यातले आठच नग बाहेर आले.

मग एक मुलगा मोठी गाडी घेऊन आला. पुण्याच्या मामानं दिलेली, साधी खेळण्यातली नव्हे, छंदाची. मोटर सैल झाली होती आणि आतलं दातेरी चाक कुरकुरत होतं. मोटरचा एक स्क्रू ढिला करायचा, मोटर थोडी सरकवायची, परत आवळायचं, एवढंच काम. पेटीतला सहा कोनांचा पाना लावला. जरा हलत होता. आम्ही म्हटलं, चालतंय. जोर लावला. कट्ट वाजलं. पाना फिरला, स्क्रू जागचा हलला नाही. सहा कोनांचं गोल झालं होतं. पुढं तालुक्याच्या वर्कशॉपात तो स्क्रू ड्रिलनं काढावा लागला, त्यात मोटरखालची पट्टी तडकली, आणि नवी पट्टी मागवून देण्यात आमचे एकवीसशे गेले.

मुलगा काही बोलला नाही. त्याची आजी बोलली, “येत नव्हतं तर हात कशाला लावला?” पैशांपेक्षा ते जास्त लागलं. पण नंतर शांतपणे बघितलं तेव्हा कळलं, हाताची चूक निम्मीच होती. हत्यार मापाचं नव्हतं, आणि ते ओळखायला आम्ही शिकलो नव्हतो.

ती ओळख आज तुम्हाला करून देतो.

आधी गाडी ओळखा. जत्रेतली किंवा बाजारातली खेळण्यातली गाडी बहुतेक दीड व्होल्टच्या पेन्सिल सेलवर चालते. तिच्यात एकच छोटी पट्टी असते, रिमोटचा संदेश घेणं आणि मोटर फिरवणं दोन्ही तीच करते. स्क्रू असतात फुलीच्या खाचेचे आणि थेट प्लॅस्टिकमध्ये बसवलेले. छंदाची गाडी वेगळी. तिच्यात संदेश घेणारा भाग वेगळा, मोटरचा वेग सांभाळणारा वेगळा, चाकं वळवणारी मोटर वेगळी. जे बिघडेल तेवढंच बदलता येतं. तिचे स्क्रू बहुतेक सहा कोनी खाचेचे असतात. म्हणून दोन्ही गाड्यांना एकच पेटी पुरत नाही.

आता फुलीचा स्क्रू. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्स यांना १९३६ साली या धाटणीची पेटंटं मिळाली, म्हणून दुकानदार त्याला ‘फिलिप्स’ म्हणतात. याचे क्रमांक असतात. शून्य बारीक, एक मधला, दोन मोठा. खेळण्यातल्या गाडीला बहुतेक शून्य आणि एक लागतात. मलमलीला बारीक सुई आणि जीनला जाड सुई घालतो ना आपण, तसंच. बारीक टोक मोठ्या खाचेत घातलं तर ते खाचेच्या मधोमध फिरतं आणि कडा खरवडतं. दोन-तीनदा तसं झालं की फुलीची वाटी होते.

याच फुलीला एक चुलत बहीण आहे, जपानी धाटणीची. जपानच्या शिझुओका शहरातली तामिया ही कंपनी १९४६ साली लाकूड कापायची गिरणी म्हणून सुरू झाली आणि १९७६ साली तिनं पहिली रिमोटची मोटरगाडी विकायला काढली. अशा जपानी गाड्यांचे स्क्रू दिसायला फुलीचेच, पण खाचेचा कोन जरा निराळा. पुष्कळदा स्क्रूच्या डोक्यावर एक छोटा ठिपका असतो, तीच त्याची खूण. त्यात साधा फुलीचा स्क्रूड्रायव्हर जोर लावला की वर उसळतो. जपानी धाटणीचा मात्र बऱ्याच साध्या फुलीतही नीट बसतो. असे स्क्रू वारंवार हाताखाली येत असतील तर तो एक घ्यावा.

आता आम्हाला नडलेला सहा कोनी पाना. छंदाच्या गाडीत चार मापं पुष्कळ कामं भागवतात : दीड, दोन, अडीच आणि तीन मिलिमीटर. तीन मिलिमीटर जाडीच्या स्क्रूचं डोकं उंच, डबीसारखं असेल तर अडीचचा पाना लागतो. डोकं गोलसर बसकं किंवा पृष्ठभागात बुडालेलं असेल तर दोनचा. बिनडोक्याचा बारीक स्क्रू, जो मोटरच्या दांड्यावरचं दातेरी चाक धरून ठेवतो, तो पुष्कळदा दीडचा असतो.

आमची चूक इथेच होती. पेटीत इंचाचे नि मिलिमीटरचे पाने एकाच ओळीत लावले होते. आमच्या हातात आला तो ३/३२ इंचाचा. म्हणजे २.३८ मिलिमीटर. स्क्रू होता अडीचचा. फरक एक-दोन केसांच्या जाडीएवढा. पण तेवढ्यानं पान्याच्या सपाट बाजू स्क्रूला टेकत नाहीत, फक्त कोपरे टेकतात. सगळा जोर कोपऱ्यांवर येतो आणि कोपरे गोल होतात. काही जुन्या अमेरिकन गाड्यांना इंचाचेच पाने लागतात, म्हणून ते टाकून देऊ नका. पण दोन्ही वेगळ्या डब्यात ठेवा. आम्ही आता मिलिमीटरच्या मुठींना लाल दोरा बांधलाय.

दुकानात गेल्यावर काय बघायचं? आमचा नियम असा. स्क्रू बरोबर न्यायचा. रुमालाच्या गाठीत बांधून न्या, पण न्या. टोक खाचेत बसवून हलवून बघायचं. डगडग करता कामा नये. टोकाच्या कडा धारदार, सरळ हव्यात, वितळलेल्या मेणासारख्या गोल नकोत. मूठ तळहात भरेल अशी हवी. आपले हात लहान असतील तर आपल्या हाताच्या मापाची बघून घ्या, दुकानदाराच्या नाही. चकचकीत मुलाम्यावर जाऊ नका. टोकाचं पोलाद कठीण नसेल तर चकाकी आठ दिवस टिकते.

वापरायची पद्धतही सांगतो, कारण चांगलं हत्यार वाईट हातानं मोडतं. आधी दाबा, मग वळवा. स्क्रूड्रायव्हर सरळ उभा धरा, तिरका नको. प्लॅस्टिकमध्ये स्क्रू परत बसवताना पहिल्यांदा उलटा फिरवा. टिक्क असा हलका आवाज येतो, म्हणजे स्क्रू जुन्या आट्यांत बसला. मग सुलटा आवळा. एकदम सुलटा फिरवला तर तो नवे आटे पाडतो, आणि दोन-तीनदा तसं झालं की भोक सैल. आवळताना हाताला घट्ट लागलं की थांबायचं. “अजून एक वेढा” या मोहानं आम्ही बरीच भोकं फाडली.

धातूत धातू बसतो तिथे थरथरीनं स्क्रू सुटू नये म्हणून निळ्या रंगाचा पक्का करणारा द्राव मिळतो. एक थेंब पुरतो. प्लॅस्टिकला तो लावायचा नाही, काही प्लॅस्टिक त्यानं तडकतं. असा स्क्रू हलत नसेल तर गरम सोल्डरिंग आयर्नचं टोक त्याच्या डोक्यावर थोडा वेळ टेकवा. द्राव मऊ होतो आणि स्क्रू सुटतो. हे आधी ठाऊक असतं तर आमचे एकवीसशे वाचले असते.

मोटर परत बसवताना दोन दातेरी चाकांत अंतर किती ठेवायचं? वहीच्या कागदाची पट्टी दातांमध्ये घाला, चाकं कागदावर दाबून धरा, स्क्रू आवळा, मग चाक फिरवून कागद काढा. कागदावर नागमोडी उठली पाहिजे, कागद फाटता कामा नये. याला पैशाचं हत्यार लागतच नाही.

घरातल्या आणखी वस्तू सांगतो. जुनं इडलीपात्र घ्या. पुढच्या चाकाचे स्क्रू एका साच्यात, मागच्या चाकाचे दुसऱ्यात, काढले त्या क्रमानं. मात्र ते इडलीपात्र पुन्हा स्वयंपाकघरात न्यायचं नाही. जुना दातांचा ब्रश धुळीसाठी. शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब चाकाच्या बेअरिंगला. फुटक्या स्पीकरमधलं चुंबक खाली सांडलेले स्क्रू गोळा करायला.

विजेच्या कामाला मल्टिमीटर हवाच. त्याचा खटका डीसी वीस व्होल्टवर ठेवा आणि आधी सेल मोजा. गाडी बंद म्हणून खोलायला घेतलेल्या कितीतरी गाड्यांचे नुसते सेल उतरलेले निघाले. सोल्डरिंगला बारीक वायरीसाठी २५ वॅटचं आयर्न पुरतं, पण छंदाच्या गाडीच्या जाड बॅटरी वायरीला ६० वॅटचं लागतं. नेहमीच्या सोल्डरच्या तारेत शिसं असतं. म्हणून खिडकीजवळ बसा, पोरांना नि गरोदर बाईला दूर ठेवा, आणि काम झालं की साबणानं हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका.

बॅटरीचं मात्र कान देऊन ऐका. छंदाच्या गाडीत पुष्कळदा लिथियम पॉलिमर बॅटरी असते, पोरं तिला ‘लिपो’ म्हणतात. तिचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट असतो, आणि ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचा नसतो. ती तिच्याच प्रकारच्या, प्रत्येक सेल सारखा भरणाऱ्या चार्जरवर लावायची. फरशीवर, उघड्यावर, नजरेसमोर. गादीवर नाही, कडब्याजवळ नाही, रात्री झोपताना नाही. फुगलेली बॅटरी आम्ही दुरुस्तीला घेतच नाही. तिला टोचायचं नाही, चुलीत किंवा उकिरड्यावर टाकायचं नाही. ती इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्या केंद्रावरच द्यायची. चाळीस रुपयांसाठी घराला आग लावून घेण्यात शहाणपण नाही.

मग खरेदीचा क्रम कसा लावायचा? खेळण्यातल्या गाड्या येत असतील तर पहिल्या महिन्यात फुलीचे दोन, चपट्या तोंडाचा एक, निमुळत्या तोंडाची पक्कड, वायर कापायची पक्कड आणि चिमटा. दुसऱ्या महिन्यात मल्टिमीटर. कमाई सुरू झाली की सोल्डरिंग आयर्न. छंदाची गाडी खरंच दारात आली, तरच चार सहा कोनी पाने, आणि त्याबरोबर नट फिरवायचे साडेपाच आणि सात मिलिमीटरचे दोन. सात मिलिमीटरचा पुष्कळ गाड्यांच्या चाकाच्या नटाला बसतो. हत्यार गटाचं आहे, म्हणून फळीवर प्रत्येकाची आकृती काढा. संध्याकाळी रिकामी आकृती दिसली की वहीत नाव शोधायचं. भांडण होत नाही.

आता तुम्ही म्हणाल, गाड्यांचं एवढं कौतुक कशाला. रेडिओच्या लहरींवर चालणारं यंत्र आता शेतात फवारणीला येतंय. बचत गटांना ड्रोन देणारी नमो ड्रोन दीदी योजना केंद्र सरकारनं नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केली. त्यात एकीला चालवायचं शिकवायची, आणि जोडीला फिटिंगची, विजेच्या दुरुस्तीची आवड असलेल्या एकीला किंवा घरातल्या माणसाला मदतनीस म्हणून शिकवायची सोय ठेवली होती. ड्रोन स्वतःच्या मनानं खोलायचा नसतो, हे खरं. पण बॅटरीची शिस्त, मापाचं हत्यार आणि घट्ट लागलं की थांबणारा हात, हे तिथंही लागतं. ‘आवड कुणाला आहे?’ असं विचारलं तर आमच्या टेबलावरच्या बायका आता एकमेकींच्या मागे लपत नाहीत.

आणि ती आजी? गेल्या महिन्यात ती आपल्या शिलाई मशीनचा स्क्रू पदराच्या गाठीत बांधून आली. म्हणाली, “याच्या मापाचं आहे का बघा आधी.” आम्ही बघितलं. होतं.

आज घरातला एखादा स्क्रू हातात घ्या, त्याची खाच उजेडात बघा आणि त्यात काय नीट बसतंय ते तपासा. पुढच्या गप्पांत सांगा.