रस्त्यावर वाजवायचंय? रुंबा गिटार शिका!

एकट्याने गिटार वाजवून चौकातली गर्दी थांबवायची, तर बार्सिलोनाच्या रुंबासारखा प्रकार नाही. ग्रासिया, होस्ताफ्रांक्स आणि रावाल या वस्त्यांतल्या जिप्सी समाजात १९५०च्या दशकात तो घडला. फ्लामेंको आणि क्युबन संगीताचं हे मिश्रण पेरेत या गायकाने घरोघरी पोचवलं. १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकच्या समारोपातही तो गायला होता.

सगळी गंमत उजव्या हातात आहे. ‘व्हेंटिलादोर’ म्हणतात त्या पद्धतीत मनगट सैल सोडून तारा खाली-वर छेडायच्या आणि मधेच तळव्याने तारा दाबत खोक्यावर थाप मारायची. ताल आणि सूर एकाच वाद्यातून निघतात, ढोलकीवाला शोधायला नको! आठ मात्रा ३-३-२ अशा मोजा. जोर पहिल्या, चौथ्या आणि सातव्या मात्रेवर. केहरवा कानात असेल तर आठाचं आवर्तन ओळखीचं वाटेल, पण जोर वेगळ्या जागी पडतो आणि सुरुवातीला तिथेच सगळे घसरतात. म्हणून पहिले काही दिवस डाव्या हाताने तारा नुसत्या झाकून ठेवा, फक्त ताल वाजवा. मग ए मायनर, जी, एफ, ई. एवढ्या चार कॉर्ड्सवर बरंच निभतं.

गिटार नायलॉन तारांचीच घ्या. थापेने लाकडावर ओरखडे पडतात, त्यामुळे वर पातळ प्लास्टिकची पट्टी चिकटवा. उघड्यावर आवाज विरतो, बॅटरीवरचा छोटा अँप लागेलच. आणि वाजवायला बसण्याआधी स्थानिक नियम बघा. बार्सिलोनाच्या मेट्रोतही जागा ठरलेल्या असतात.

कोणी शिकत असेल तर कमेंटमध्ये सांगा, मिळून सराव करू!