विठ्ठल रामजी शिंदे

महर्षी विठ्ठल रामजी शिंदे (२३ एप्रिल १८७३ – २ जानेवारी १९४४) हे मराठी धर्मसुधारक, समाजसुधारक, संशोधक आणि लेखक होते. प्रार्थना समाजाचे प्रचारक म्हणून कार्यास आरंभ केलेल्या शिंदे यांनी अस्पृश्यता निवारण हे आपले जीवितकार्य मानले. जातिभेद पाळणारा धर्म खरा धर्म नव्हे, अशी त्यांची धारणा होती.

प्रारंभिक जीवन व शिक्षण

शिंदे यांचा जन्म तत्कालीन जमखंडी संस्थानात (सध्याचे कर्नाटक राज्य) एका मराठा कुटुंबात झाला. घरी वारकरी संप्रदायाचे वातावरण होते. १८९८ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून ते बी.ए. झाले. याच काळात ते प्रार्थना समाजाकडे आकृष्ट झाले. १९०१ ते १९०३ या काळात त्यांनी ऑक्सफर्ड येथील मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्मशास्त्राचा अभ्यास केला. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांचे त्यांना साहाय्य लाभले. १९०३ मध्ये ॲमस्टरडॅम येथील उदारधर्म परिषदेत त्यांनी हिंदुस्थानातील उदार धर्माविषयी निबंध वाचला.

डिप्रेस्ड क्लासेस मिशन

१८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत त्यांनी 'डिप्रेस्ड क्लासेस मिशन' या संस्थेची स्थापना केली. न्यायमूर्ती नारायण चंदावरकर तिचे अध्यक्ष होते. संस्थेने शाळा, वसतिगृहे आणि उद्योगशाळा चालविल्या. शिंदे यांच्या भगिनी जनाक्का यांनीही या कार्यात सहभाग घेतला. अस्पृश्य वस्तीत राहून काम करण्याचा त्यांचा आग्रह अनेक सहकाऱ्यांना मानवला नाही. १९१० मध्ये त्यांनी प्रार्थना समाजाचे प्रचारकपद सोडले. पुण्यातील अहिल्याश्रम हे मिशनचे एक महत्त्वाचे केंद्र ठरले.

राजकीय भूमिका व मतभेद

१९१७ च्या कलकत्ता काँग्रेस अधिवेशनात अस्पृश्यतेविरुद्ध ठराव संमत व्हावा म्हणून शिंदे यांनी प्रयत्न केले. १९१८ साली मुंबईत सयाजीरावांच्या अध्यक्षतेखाली त्यांनी अस्पृश्यता निवारण परिषद भरविली. लोकमान्य टिळक यांनी परिषदेत अस्पृश्यतेचा निषेध केला, परंतु अस्पृश्यता न पाळण्याच्या प्रतिज्ञापत्रावर स्वाक्षरी केली नाही.

१९१९ साली साउथबरो समितीपुढे प्रतिनिधित्वाचा प्रश्न आला. कौन्सिलातील निर्वाचित सभासदांनी अस्पृश्यांचे प्रतिनिधी निवडावेत, या मिशनच्या मागणीस डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी विरोध केला. अस्पृश्यांचे प्रतिनिधी इतरांनी निवडणे हे त्यांना मान्य नव्हते. पुढे स्वतंत्र मतदारसंघांच्या प्रश्नावरही दोघांची मते भिन्न राहिली. एका बाजूला शिंदे यांना स्वजातीयांचा रोष सोसावा लागला, तर दुसऱ्या बाजूला ज्यांच्यासाठी काम केले त्यांच्यातील नव्या नेतृत्वाने त्यांच्या मार्गाबद्दल शंका घेतली. मिशनची सूत्रे अस्पृश्य समाजातील कार्यकर्त्यांकडे सोपवावीत, या भूमिकेतून १९२३ मध्ये ते त्याच्या व्यवस्थापनातून बाजूला झाले.

१९२४ मध्ये त्यांनी वायकोम सत्याग्रहास भेट दिली. १९३० च्या सविनय कायदेभंगात त्यांना येरवडा येथे कारावास भोगावा लागला.

लेखन

'भारतीय अस्पृश्यतेचा प्रश्न' (१९३३) या ग्रंथात त्यांनी अस्पृश्यतेच्या उगमाचा ऐतिहासिक व सामाजिक अंगाने शोध घेतला. 'माझ्या आठवणी व अनुभव' हे त्यांचे आत्मचरित्र आहे.

वारसा

अस्पृश्यता निवारणाच्या चळवळीत उच्चवर्णीयांच्या मनःपरिवर्तनावर त्यांनी भर दिला. राजकीय हक्कांवर उभी राहिलेली आंबेडकरी चळवळ अधिक प्रभावी ठरल्याने त्यांचे कार्य दीर्घकाळ झाकोळले गेले. गो. मा. पवार यांनी लिहिलेल्या त्यांच्या चरित्रास २००७ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, आणि या कार्याकडे अभ्यासकांचे पुन्हा लक्ष वेधले गेले.