दुसऱ्या टाकीला विरजण

काचेच्या टाकीत मासे पाळण्याची हौस आता पुष्कळ घरांत दिसते. दवाखान्यात आणि हॉटेलातही अशी टाकी असते. रंगीत मासे संथपणे फिरताना पाहिले की जिवाला बरे वाटते. एक टाकी नीट चालू लागली की मुले म्हणतात, "आणखी एक आणू या ना!" आपणही हो म्हणतो. नवी टाकी येते. आपण ती स्वच्छ धुतो. स्वच्छ खडे घालतो. स्वच्छ पाणी भरतो. आणि त्याच दिवशी तिच्यात डझनभर मासे सोडतो.

पहिले दोन-तीन दिवस बरे जातात. मग मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडाची उघडझाप करू लागतात. अन्नाला तोंड लावीत नाहीत. एके सकाळी एक मासा उलटा तरंगताना दिसतो. दुसऱ्या दिवशी आणखी दोन. शेजारी म्हणतात, "दृष्ट लागली." दुकानदार म्हणतो, "मासेच नाजूक होते." पण जुन्या टाकीत त्याच जातीचे मासे मजेत आहेत. घर तेच, पाणी तेच, अन्न तेच. मग नव्या टाकीत उणे काय होते?

जे उणे होते ते डोळ्यांना दिसत नाही. ते जुन्या टाकीतून थोडेसे आणता येते. घरात दूध विरजायचे तर आपण शेजारून चमचाभर दही मागून आणतो ना? तसेच हे. ते काय, ते कुठे असते आणि कसे आणायचे, हे आपण पाहू या.

माशांची घाण जाते कुठे?

मासा अन्न खातो, तशी घाणही करतो. त्याच्या कल्ल्यांतून अमोनिया नावाचे द्रव्य पाण्यात उतरते. तळाला पडलेले उरलेसुरले अन्न कुजते. त्यातूनही अमोनिया तयार होतो. मुतारीत नाकाला झोंबणारा जो वास येतो, तो या अमोनियाचाच. नदीत पाणी अफाट असते, म्हणून तिथे तो पांगून जातो. टाकीतले पाणी ते केवढे! दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी टाकी घ्या. तिच्यात जेमतेम ५० लिटर पाणी मावते. त्यात अमोनिया साठत जातो. तो माशांना विष आहे. त्याने त्यांचे कल्ले जळतात. म्हणून मासे वर येऊन धापा टाकतात.

मग जुन्या टाकीतले मासे कसे जगतात? तिथे फार बारीक जीवाणू वस्तीला आलेले असतात. जंतू म्हटले की आपल्याला रोगच आठवतो. पण सगळे जंतू रोगाचे नसतात. हे जीवाणू उपकारी आहेत. त्यांतले काही अमोनियावर जगतात आणि त्याचा नायट्राइट करतात. हा नायट्राइटही विषच. तो माशाच्या रक्तात गेला की रक्त तपकिरी पडते. मग रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. पण दुसरे काही जीवाणू या नायट्राइटवर जगतात आणि त्याचा नायट्रेट करतात. नायट्रेट थोडा असला तर माशांना फारसा बाधत नाही. झाडांना तर तो खतच आहे. म्हणून टाकीतून काढलेले पाणी गटारात ओतू नका. तुळशीला घाला, मोगऱ्याला घाला.

ही दोन्ही कामे एकट्यानेच करणारे जीवाणूही आहेत. ते शास्त्रज्ञांना २०१५ साली सापडले.

ही गोष्ट कशी कळली?

फार पूर्वी शेणखतातला अमोनिया जमिनीत बदलतो, एवढे लोकांना ठाऊक होते. पण तो आपोआप बदलतो असे त्यांना वाटे. १८७७ साली फ्रान्समध्ये श्लेझिंग आणि म्यूंत्स या दोघा शास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. त्यांनी एका नळीत वाळू आणि चुनखडी भरली. वरून गटाराचे पाणी हळूहळू सोडले. सुमारे वीस दिवस काहीच झाले नाही. वरून जितका अमोनिया जाई तितकाच खालून बाहेर येई. मग मात्र अमोनिया कमी होऊ लागला आणि खाली नायट्रेट येऊ लागला.

नंतर त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. लगेच काम थांबले. क्लोरोफॉर्म काढून घेतला, तरी काम सुरू होईना. मग त्यांनी मातीत कालवलेले थोडे पाणी वरून घातले. काम पुन्हा सुरू झाले! यावरून काय ठरले? हे काम जिवंत वस्तू करते. ती मेली की काम बंद. आणि बाहेरून थोडी आणून घातली की काम पुन्हा चालू. पुढे १८९० साली विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने हे जीवाणू वेगळे काढून दाखवले.

त्या नळीचे पहिले वीस दिवस आणि आपल्या नव्या टाकीचे पहिले दिवस सारखेच. जीवाणू अजून वाढलेले नाहीत. नव्या टाकीत ते आपोआप येतात खरे, पण पुरेसे व्हायला बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे कसे तग धरणार?

पाणी नव्हे, स्पंज न्या

आता मुख्य गोष्ट सांगतो. ती नीट ध्यानात ठेवा. पुष्कळ लोक जुन्या टाकीचे बादलीभर पाणी नव्या टाकीत ओततात. "विरजण घातलं," असे म्हणतात. पण त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही. कारण हे जीवाणू पाण्यात फारसे तरंगत नाहीत. ते कशाला तरी चिकटून राहतात. हवेच्या पंपावर चालणारा स्पंजाचा फिल्टर असतो, त्या स्पंजाच्या भोकाभोकांत ते दाटीने राहतात. खड्यांवर, काचेवर आणि झाडांच्या पानांवरही राहतात. स्पंजातून सारखे पाणी फिरते, प्राणवायू मिळतो. म्हणून तिथे त्यांची वस्ती सगळ्यांत मोठी. तेव्हा विरजण म्हणजे तो मळकट, तपकिरी स्पंज. तो घाण दिसतो, पण खरे धन तेच.

सगळ्यांत चांगली रीत अशी. नवी टाकी आणायच्या महिना-दीड महिना आधी जुन्या टाकीत दुसरा एक स्पंजाचा फिल्टर लावून ठेवा. दोन्ही फिल्टर चालू द्या. नव्या स्पंजावर जीवाणू वस्ती करतील. नवी टाकी आली की तो स्पंज उचलून तिच्यात लावा. जुन्या टाकीचे काही बिघडणार नाही.

इतका वेळ नसेल तर जुन्या स्पंजाचा तिसरा हिस्सा कापून घ्या. त्याहून जास्त घेऊ नका. नाहीतर नवी टाकी उभी करताना जुनी बसायची! पुढचा आठवडाभर जुन्या टाकीतल्या माशांना अन्न थोडे कमी घाला. स्पंज कापायचा नसेल तर मूठ-दोन मुठी खडे पातळ कापडात बांधून आणा. पण खड्यांवर जीवाणू स्पंजापेक्षा कमी असतात.

नेताना काय जपावे?

हे जीवाणू कोरडे पडले की मरतात. म्हणून स्पंज जुन्या टाकीच्याच पाण्यात बुडवून न्या. झाकण घट्ट लावू नका, उन्हात ठेवू नका. तासा-दोन तासांत नव्या टाकीत लावा आणि हवेचा पंप लगेच सुरू करा.

स्पंज नळाखाली कधीही धुऊ नका. नळाच्या पाण्यात जंतू मारण्यासाठी क्लोरीन घातलेले असते. ते आपल्या आजारांचे जंतू मारते, तसे हे उपकारी जीवाणूही मारते. स्पंज फार भरला असेल तर टाकीतले पाणी बादलीत काढून त्यात हलकेच पिळा.

नव्या टाकीत भरायचे पाणीही असेच जपून घ्या. एक दिवस उघड्या बादलीत ठेवले की साधे क्लोरीन उडून जाते. काही ठिकाणी पाण्यात क्लोरामाइन घालतात. ते नुसते ठेवून जात नाही. अशा ठिकाणी माशांच्या दुकानातले क्लोरामाइन मारणारे औषध वापरावे.

ज्या टाकीत मासे आजारी आहेत, त्या टाकीचा स्पंज घेऊ नका. माशांच्या अंगावर पांढरे ठिपके दिसत असतील, तर तो रोग स्पंजाबरोबर येईल. नुकतेच औषध घातलेल्या टाकीचाही घेऊ नका. काही औषधांनी उपकारी जीवाणूही मरतात. समुद्राच्या पाण्याच्या टाकीतला स्पंज गोड्या पाण्यात चालत नाही.

विरजण आणि हे, यांत फरक काय?

दही एका रात्रीत लागते. दह्याचे जीवाणू भराभर वाढतात. हे जीवाणू मात्र सावकाश वाढतात. एकाचे दोन व्हायला त्यांना बहुधा अर्धा ते एक दिवस, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. म्हणून विरजण घातले तरी घाई करू नये.

दुसरे असे की जितके अन्न तितकेच जीवाणू. टाकीत मासेच नसतील तर अमोनिया नाही, आणि जीवाणूंना खायला नाही. म्हणून स्पंज लावून नवी टाकी आठवडेच्या आठवडे रिकामी ठेवू नका. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मासे सोडा. पण थोडेच सोडा. ५० लिटरच्या टाकीत तीन-चार गप्पी पुरेत. दोन मिनिटांत संपेल एवढेच अन्न घाला.

दुकानात अमोनिया आणि नायट्राइट तपासायचे थेंब मिळतात. पहिले दोन आठवडे रोज तपासा. डब्यातल्या रंगाच्या पट्टीशी रंग ताडून पाहा. अमोनिया किंवा नायट्राइट दिसला तर पाव हिस्सा पाणी बदला, अन्न कमी करा. दोन्ही शून्यावर आले आणि आठवडाभर तसेच राहिले, तर आणखी दोन-तीन मासे आणा. मग पुन्हा आठवडाभर थांबा. असे हळूहळू वाढवा.

वीज गेली की पंप बंद पडतो. स्पंजात प्राणवायू पोचत नाही आणि जीवाणू गुदमरू लागतात. भारनियमन असलेल्या गावात सेलवर चालणारा छोटा हवेचा पंप जवळ ठेवलेला बरा.

असे केले तर एक मासाही न गमावता दुसरी टाकी उभी राहते. मासा छोटा असला तरी जीवच तो. आपण त्याला काचेत आणून ठेवला, तेव्हा त्याच्या पाण्याची काळजी आपल्यालाच घ्यायला हवी. दोन-तीन महिन्यांनी नव्या टाकीचा स्पंजही तपकिरी होईल. तेव्हा तो घासून पांढरा करू नका. शेजारची मुले नवी टाकी आणतील आणि त्यांच्या दारातून हाक येईल, "काकू, थोडं विरजण द्याल का?" त्या वेळी तो तुकडा उपयोगी पडेल.