दुसऱ्या फळीचे विजेते
अरब करंडक आणि राष्ट्रीय संघनिवडीचे गणित

18 डिसेंबर 2021 रोजी कतारमधील अल बैत स्टेडियमवर अल्जीरियाने ट्युनिशियाला जादा वेळेत 2-0 असे नमवून अरब करंडक जिंकला. पुढच्याच महिन्यात कॅमेरूनमध्ये आफ्रिकी राष्ट्रांच्या करंडकासाठी हाच देश गतविजेता म्हणून मैदानात उतरला आणि एकही सामना न जिंकता, गटात तळाला राहून घरी परतला. केवळ मथळे वाचणाऱ्याला हे अधःपतन अनाकलनीय वाटेल. प्रत्यक्षात अल्जीरियाच्या फुटबॉलमध्ये त्या महिन्याभरात काहीच बिघडले नव्हते. दोन्ही स्पर्धांत खेळलेले संघ बहुतांशी वेगवेगळे होते, प्रशिक्षकही वेगळे होते. डिसेंबरमधील संघ मजीद बुगेरा यांचा होता, जानेवारीतील जमाल बेलमादी यांचा. जर्सी आणि राष्ट्रगीत तेवढे एकच.

राष्ट्रीय संघ म्हणजे देशातील सर्वोत्तम खेळाडूंचा संघ, ही क्रिकेटवर पोसलेल्या आपल्याकडील वाचकाची स्वाभाविक समजूत आहे. क्रिकेटमध्ये खेळाडूचा मुख्य करार राष्ट्रीय मंडळाशी असतो. फुटबॉलमध्ये खेळाडूला वेतन देतो तो क्लब. दुखापत झाल्यास नुकसान सोसतो तोही क्लबच. साहजिकच राष्ट्रीय संघाला खेळाडू हवा असेल तर तो क्लबकडून मागून घ्यावा लागतो. फिफाच्या नियमांनुसार, वर्षातील ठरावीक आंतरराष्ट्रीय कालावधीत आणि विश्वचषक किंवा खंडीय अजिंक्यपद यांसारख्या स्पर्धांसाठी खेळाडू सोडणे क्लबवर बंधनकारक असते. या चौकटीबाहेरच्या स्पर्धेसाठी खेळाडू सोडायचा की नाही, हा सर्वस्वी क्लबच्या मर्जीचा प्रश्न ठरतो. अरब करंडक नेमका या चौकटीबाहेर पडतो.

ही स्पर्धा तशी जुनी. 1963 मध्ये बैरुतला पाच संघांत ती प्रथम झाली आणि ट्युनिशिया विजेता ठरला. पुढे इराकने चार वेळा करंडक नेला. राजकीय तणाव, युद्धे आणि आर्थिक ओढाताण यांमुळे स्पर्धा कधी झाली, कधी वर्षानुवर्षे खंडित राहिली. 2012 नंतर ती जवळपास विस्मृतीत गेली होती. कतारला 2022 च्या विश्वचषकाची रंगीत तालीम हवी होती, म्हणून 2021 मध्ये 16 संघांची ही स्पर्धा फिफाच्या छत्राखाली नव्याने उभी राहिली. मात्र डिसेंबर हा युरोपातील लीग ऐन भरात असण्याचा काळ. महंमद सलाहला लिव्हरपूल कशाला सोडेल? कार्लोस केरोश यांच्या प्रशिक्षणाखालील इजिप्तचा संघ त्याच्याविना आला आणि तरीही उपांत्य फेरीत पोहोचला.

या मर्यादेतून प्रत्येक देशाने आपापली वाट काढली. अल्जीरिया आणि मोरोक्को यांनी ज्याला तिकडे ‘अ-प्राइम’ म्हणतात असा संघ पाठवला. अशा संघाचा गाभा देशांतर्गत लीगमधील खेळाडूंचा असतो. आफ्रिकेत 2009 पासून केवळ अशाच खेळाडूंसाठी वेगळी खंडीय स्पर्धा होत असल्याने ही दुसरी फळी कागदोपत्री नसते, तिला सामन्यांचा सराव असतो. अल्जीरियाने तीत आखाती क्लबांकडून खेळणाऱ्या बगदाद बुनेजा, यासिन ब्राहिमी आणि युसेफ बेलायली यांची भर घातली. उपांत्यपूर्व फेरीत मोरोक्कोविरुद्ध बेलायलीने दूरवरून मारलेला गोल आणि अंतिम सामन्यातील ब्राहिमीचा गोल पाहिल्यावर या फळीला ‘दुसरी’ म्हणणे जडच जाते. 

सौदी अरेबियाने वेगळाच मार्ग धरला. त्यांनी मुख्य प्रशिक्षक हर्वे रेनार यांना बाजूला ठेवून, लोराँ बोनादेई यांच्या हाती तरुणांचा संघ सोपवला. हा संघ तीन सामन्यांतून एक गुण मिळवून गटातच गारद झाला. पण वर्षभरात, 22 नोव्हेंबर 2022 रोजी, याच देशाच्या मुख्य संघाने विश्वचषकात अर्जेंटिनाला 2-1 असा धक्का दिला. उलट यजमान कतारने आपला संपूर्ण मुख्य संघ उतरवला. त्यांचे सारे खेळाडू देशातल्याच क्लबांचे, त्यामुळे अडचण नव्हती. ते तिसरे आले आणि विश्वचषकात तिन्ही सामने हरले. अरब करंडकातील निकालांवरून एखाद्या देशाच्या फुटबॉलची प्रत ठरवू पाहणाऱ्यांनी ही उदाहरणे लक्षात घ्यावीत.

2025 च्या डिसेंबरमध्ये हेच गणित पुन्हा मांडले गेले, फक्त आणखी अवघड रूपात. 18 डिसेंबरला अरब करंडकाचा अंतिम सामना आणि 21 डिसेंबरला मोरोक्कोत आफ्रिकी राष्ट्रांच्या करंडकाचा प्रारंभ. एकच संघ दोन्हीकडे खेळणे अशक्य होते. मोरोक्कोने मुख्य संघ वालिद रेग्रागी यांच्याकडे ठेवला आणि कतारला तारिक सेक्तिवी यांचा संघ धाडला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सेक्तिवी यांनी देशांतर्गत खेळाडूंची आफ्रिकी स्पर्धा जिंकून दिली होती. अंतिम सामन्यात जॉर्डन शेवटच्या काही मिनिटांपर्यंत पुढे होता. अब्दररझ्झाक हमदल्लाहने बरोबरी साधली, जादा वेळेत त्यानेच निर्णायक गोल केला आणि मोरोक्को 3-2 असा विजयी झाला. जॉर्डनला पराभवापेक्षा महाग पडली ती उपांत्यपूर्व सामन्यातील दुखापत. इतिहासात प्रथमच विश्वचषकाला पात्र ठरलेल्या या संघाचा आघाडीपटू यझान अल नईमत गुडघ्याला गंभीर इजा होऊन मैदानाबाहेर गेला. क्लब खेळाडू सोडताना हात आखडता का घेतात, हे समजण्यास हा एक प्रसंग पुरेसा आहे.

येथे 23 या आकड्याचाही उलगडा करायला हवा. प्रत्येक जागेसाठी दोन खेळाडू म्हणजे 22 आणि तिसरा गोलरक्षक धरून 23, असा हा सरळ हिशेब. विश्वचषकात 1998 पर्यंत 22 खेळाडूंची मुभा होती, 2002 पासून ती 23 झाली आणि 2022 मध्ये 26 पर्यंत वाढली. कागदावर हा आकडा सर्वांना सारखा असतो. युरोपातील क्लबांनी पाच-सहा खेळाडू अडवून धरले, की तो भरताना खरी कसोटी लागते, कारण त्या वेळी देशांतर्गत लीगची खोली उघडी पडते.

भारताला हा अनुभव नवा नाही, आणि त्याचे धागे महाराष्ट्रापर्यंत येतात. सप्टेंबर 2023 मध्ये हांगझौच्या आशियाई क्रीडा स्पर्धेच्या वेळी इंडियन सुपर लीगचा हंगाम तोंडावर होता. स्पर्धा फिफाच्या कालावधीबाहेरची, म्हणून क्लबांनी प्रमुख खेळाडू सोडण्यास खळखळ केली. अखेर जमेल तसा संघ जुळवून भारत आदल्या दिवशी चीनमध्ये दाखल झाला आणि दुसऱ्या दिवशी, 19 सप्टेंबरला, यजमानांकडून 5-1 असा हरला. भारताचा एकमेव गोल राहुल के. पी. याचा.

दोन वर्षांनी चित्र थोडे बदलले. ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील यांची भारताच्या मुख्य प्रशिक्षकपदी नेमणूक झाली. जमील यांचा जन्म कुवेतचा; खेळाडू म्हणून महिंद्र युनायटेड आणि एअर इंडिया, तर प्रशिक्षक म्हणून मुंबई एफसी, असे त्यांचे मुंबईशी जुने नाते. 2016-17 मध्ये ऐझॉल एफसीसारख्या लहान क्लबला त्यांनी आय-लीगचे विजेतेपद मिळवून दिले होते. अपुऱ्या साधनांत संघ बांधणे ही त्यांची ख्याती, आणि पहिल्याच स्पर्धेत तिची परीक्षा झाली. मध्य आशियाई संघटनेची नेशन्स करंडक स्पर्धा 29 ऑगस्टला सुरू होत होती, तर फिफाचा कालावधी 1 सप्टेंबरपासून. या तीन दिवसांच्या फरकावर बोट ठेवून मोहन बागानने आपले खेळाडू दिले नाहीत. तरीही भारताने सलामीला यजमान ताजिकिस्तानला 2-1 असे हरवले. इराणविरुद्ध मात्र 0-3 असा पराभव झाला आणि त्या सामन्यात एफसी गोवाचा संदेश झिंगन गालाचे हाड मोडून स्पर्धेबाहेर गेला. ज्या क्लबने खेळाडू दिला त्यालाच त्याच महिन्यात आशियाई चॅम्पियन्स लीग टूचा सामना त्याच्याविना खेळावा लागण्याची वेळ आली. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात गाठ पडली ती ओमानशी. 1-1 अशा बरोबरीनंतर पेनल्टी शूटआऊटमध्ये मुंबईचा बचावपटू राहुल भेके याच्यासह तिघांनी गोल केले, गुरप्रीतसिंग संधूने शेवटचा फटका अडवला आणि भारत 3-2 असा जिंकला.

राज्यांच्या पातळीवर हेच सूत्र आणखी ठळक दिसते. 1941 पासून चालत आलेल्या संतोष करंडकात एके काळी देशातील अव्वल खेळाडू राज्याकडून उतरत. महाराष्ट्राने 1999-2000 मध्ये केरळला नमवून हा करंडक जिंकला, तेव्हा त्याला राष्ट्रीय अजिंक्यपदाचे वजन होते. व्यावसायिक लीग आल्या आणि क्लबांचे खेळाडू राज्य संघांतून दिसेनासे झाले. 2023 च्या मार्चमध्ये स्पर्धेला झळाळी यावी म्हणून उपांत्य आणि अंतिम सामने थेट सौदी अरेबियात, रियाधला नेण्यात आले. कर्नाटकाने मेघालयाला 3-2 असे हरवले खरे, पण स्थळ बदलल्याने संघांतील नावे बदलली नाहीत.

या पोकळीचा लाभ मात्र ज्यांना एरवी कोणी विचारत नाही अशांना होतो. वर्धा जिल्ह्यातील समुद्रपूर तालुक्याचेच उदाहरण घ्या. नागपूर-हैदराबाद महामार्गावर जामच्या चौकातून चंद्रपूरकडे फाटा फुटतो, तो हा कापूस-सोयाबीनचा मुलूख. येथल्या मुलाने क्रिकेटचा ध्यास घेतला तर त्याच्यापुढे विदर्भाचा स्वतंत्र संघ आहे. फुटबॉलमध्ये तशी सोय नाही. वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनच्या एकाच छत्राखाली मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि नागपूर येतात, म्हणजे जिल्हा संघातून राज्य संघाकडे जाताना त्याला कामठीच्या रब्बानी क्लबसारखी परंपरा लाभलेल्या मुलांशी, कोल्हापूरच्या तालमींच्या मुलांशी आणि मुंबईच्या कंपनी संघांशी झुंजावे लागते. मोठ्या क्लबांचे खेळाडू राज्यासाठी उपलब्ध नसतात, म्हणूनच यादीत त्याच्यासाठी एखादी जागा रिकामी उरण्याची शक्यता असते.

अल्जीरियाच्या त्या विजेत्या संघातही देशी लीगमधल्या अनेकांसाठी दार याच कारणाने उघडले होते. दुसऱ्या फळीला अशी हक्काची स्पर्धा भारतात अजून मिळालेली नाही; संतोष करंडक ती जागा घेऊ शकतो, पण त्यासाठी राज्य संघातील कामगिरीची दखल राष्ट्रीय निवड समितीने घ्यायला हवी. मोरोक्कोने सेक्तिवी यांच्या खेळाडूंबाबत नेमके तेच केले.