यौवनारंभकालीन परिचर्या

बाल्यावस्था संपून प्रजननक्षमता येईपर्यंत मुलामुलींच्या शरीरात जे बदल घडतात, त्यांविषयीच्या तक्रारी ऐकून घेणे, त्यांतील स्वाभाविक कोणत्या व विकारजन्य कोणत्या हे ओळखणे आणि त्यांनुसार धीर, शुश्रूषा वा वैद्यकीय उपचार यांची व्यवस्था करणे, हे परिचर्येचे एक नाजूक अंग होय. या वयात येणारे बहुतेक जण खऱ्या अर्थाने रुग्ण नसतात. थोड्यांना मात्र तातडीच्या उपचारांची गरज असते, आणि लाजेमुळे दोघेही सारखेच गप्प राहतात.

यौवनारंभ मुलींत सामान्यतः ८ ते १३ व मुलांत ९ ते १४ वर्षांच्या दरम्यान होतो. मुलींत प्रथम स्तनांची वाढ व तदनंतर सु. दोन ते अडीच वर्षांनी ऋतुप्राप्ती होते. मुलांत वृषणांची वाढ हे पहिले लक्षण असते. जेम्स टॅनर व त्यांचे सहकारी यांनी १९६९-७० मध्ये वर्णिलेल्या पाच अवस्था वाढीच्या मोजमापासाठी आजही वापरतात. वरील मर्यादांच्या आधी वा नंतर बदल सुरू झाल्यास, तसेच १५ वर्षांपर्यंत ऋतुप्राप्ती न झाल्यास तपासणी आवश्यक ठरते.

मराठी घरांत पाळीचा उल्लेख ‘कावळा शिवला’, ‘बाजूला बसली’, ‘अडचण आली’ अशा आडवळणाने होत आला आहे. परिचारिकेने हे शब्द न हसता स्वीकारावेत व त्यांतूनच तारीख, दिवस आणि स्रावाचे प्रमाण काढून घ्यावे. सुरुवातीची दोन-तीन वर्षे अंडमोचन अनियमित असल्याने दोन पाळ्यांत २१ ते ४५ दिवसांचे अंतर असू शकते. स्राव सात दिवसांहून अधिक टिकत असेल किंवा तासा-दोन तासांनी घडी बदलावी लागत असेल, तर पांडुरोग व रक्त गोठण्यातील दोष यांचा शोध घ्यावा लागतो. पाळीतील नेहमीच्या वेदना गर्भाशयातील प्रोस्टाग्लँडिनांमुळे होतात. शेक आणि वैद्याच्या सल्ल्याने वेळीच घेतलेले वेदनाशामक यांनी त्या बहुधा आटोक्यात येतात.

वाढ पूर्ण झालेली पण पाळी न आलेली मुलगी दर महिन्याला पोट दुखते म्हणून येते, तेव्हा योनिपटलास छिद्र नसल्याने रक्त आत साचत असण्याची शक्यता असते. कधीकधी लघवीही अडते. छोट्या शस्त्रक्रियेने हा दोष दूर होतो. परंतु दुखणे ठराविक अंतराने येते का, हे कोणीतरी विचारावे लागते.

मुलांच्या बाबतीत लाजेची किंमत अधिक मोठी असू शकते. वृषणाला पीळ पडल्यास असह्य वेदना व उलट्या होतात, पण मुलगा ‘पोटात दुखते’ एवढेच सांगतो. सु. सहा तासांत शस्त्रक्रिया झाल्यास वृषण बहुधा वाचते. एक दिवस उलटल्यावर क्वचितच. म्हणून अशा मुलाच्या ओटीपोटाबरोबर वृषणांचीही तपासणी व्हावयास हवी. याउलट स्वप्नावस्था किंवा छातीवर येणारी तात्पुरती गाठ यांना केवळ खुलासा पुरतो. ‘धातू जाण्या’ची धास्ती जुनीच आहे, र. धों. कर्वे यांनी समाजस्वास्थ्य (१९२७-५३) या मासिकातून लैंगिक अज्ञानाविरुद्ध दीर्घकाळ लेखन केले, तरी ती ओसरलेली नाही.

तपासणी पडद्याआड, रुग्णाच्या संमतीने व त्याला हव्या त्या व्यक्तीच्या उपस्थितीत करावी. संभाषणाचा काही भाग पालकांविना व्हावा. मात्र गुप्ततेचे सरसकट वचन देता येत नाही. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या अधिनियमानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीवरील अपराधाची माहिती पोलिसांस देणे बंधनकारक आहे. गर्भपातासाठी आलेल्या अल्पवयीन मुलीने व तिच्या पालकाने विनंती केल्यास वैद्याने तिची ओळख उघड करण्याची आवश्यकता नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. ही मर्यादा मूल मन मोकळे करण्यापूर्वीच त्याला सांगावी; मागाहून सांगणे हा विश्वासघातच ठरतो.

भारतात १० ते १९ वयोगटासाठी २०१४ मध्ये राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. शाळांतून आठवड्यास एकदा दिली जाणारी लोह व फॉलिक अम्लाची निळी गोळी ही पुष्कळदा परिचारिका व विद्यार्थिनी यांच्या पहिल्या भेटीचे निमित्त ठरते.